शनिवारचा विज्ञान कट्टा: पूल जमला, मोटर फिरेना

खटपट्या | शनिवार, रात्री १०.१२

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. साखर कारखान्यात मेंटेनन्सला होतो, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. गेल्या जूनपासून आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी चार ते साडेपाच या वेळेत मुलं जमवतो. चौथी ते सातवी. वहीत नावं २२, प्रत्यक्षात चौदा ते अठरा येतात. मॅच असली की नऊ. शनिवारी सकाळची शाळा, दुपारी मुलं मोकळी, आणि आयांना ती घटकाभर घराबाहेर हवी असतात. एवढ्याच पायावर हा उद्योग उभा आहे.

गेल्या महिन्यात कागदाचा पूल केला. नियम साधे. एक ए-फोर कागद, डिंक नाही, कात्री नाही. पुस्तकांच्या दोन चळतींमध्ये वीस सेंटिमीटरची दरी, तिच्यावर कागद, कागदावर बरणीचं झाकण, आणि झाकणात पाचाची नाणी टाकत जायचं. नाण्यांसाठी कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाचशेची मोड आणली, म्हणजे शंभर नाणी. सपाट कागद झाकणासकट खाली गेला. मग कुणी कडा दुमडल्या, कुणी नळी केली, एकाने चक्क होडी केली. शेवटी दोन गट उरले, दोघांनीही पंख्यासारख्या घड्या घातल्या होत्या. एकाचा पूल ५२ नाण्यांना पडला, दुसऱ्याचा ४३ ला.

मी ५२ वाल्यांसाठी टाळ्या मागणार, तेवढ्यात दुसऱ्या गटातली पाचवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, आमच्यात जाडी नाणी जास्त हायती."

खरंच होती. त्यांच्या ४३ पैकी ३१ जुनी जाड. ५२ वाल्यांकडे सगळी नवी बारीक. आता वजन कसं करायचं? काटा नाही. तोंडावर आलेलं उत्तर मी गिळलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो. तीस वर्षं पाना हातात असलेल्या माणसाला हे किती जड जातं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. वीस मिनिटांत पोरांनी फूटपट्टी मधोमध दोऱ्याने टांगली, दोन्ही टोकांना झाकणं बांधली, एक बाजू खाली जात होती म्हणून दुसऱ्या झाकणाला कणकेचा गोळा चिकटवला. आणि नाणी टाकत टाकत शोधून काढलं की दोन जाड बरोबर तीन बारीक. म्हणजे ३१ जाड झाली साडेशेहेचाळीस बारीक, अधिक १२, एकूण साडेअठ्ठावन्न. हरलेला गट जिंकला. अर्धं नाणं असतं का, यावर पुढची दहा मिनिटं भांडण झालं ते वेगळंच.

आता अडचणी. एक, आज आठ विजेच्या मोटरी केल्या (सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरचं चुंबक, तांब्याच्या तारेचं वेटोळं) आणि आठपैकी एकही फिरली नाही. वेटोळी जागच्या जागी थरथरतात, बस्स. दोन, पालक विचारतात, "घरी काय आणणार?" पूल मोडलेला, मोटर बंद, मुलगा हात हलवत घरी. तीन, चौथीतलं पोर आणि सातवीतलं पोर एका टेबलावर कसं सांभाळायचं?

नाणेघाटकर | शनिवार, रात्री १०.४०

नाणी जमवतो म्हणून राहवलं नाही. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं तांबं-निकेलचं, ९ ग्रॅम. रुपयाचं चिन्ह असलेलं, २०११ साली आलेलं पिवळसर नाणं ६ ग्रॅम. दोघांचा व्यासही तोच, २३ मिलिमीटर, म्हणून वरून बघून फरक चटकन कळत नाही. नऊ दुणे अठरा, साही त्रिक अठरा. पोरांचा काटा अचूक निघाला! त्यांना आकडा सांगू नका मात्र.

वायरमन | शनिवार, रात्री ११.०५

खटपट्याकाका, एकच प्रश्न. वेटोळ्याची दोन्ही टोकं किती खरवडलीत?

खटपट्या | रविवार, सकाळी ७.१५

दोन्ही पूर्ण. चकचकीत तांबं दिसेपर्यंत. ब्लेडने. (पहिल्या वेळी तर खरवडलीच नव्हती. वाइंडिंगच्या तारेवरचं इनॅमल तांब्याच्याच रंगाचं, पोरांना वाटलं तार उघडीच आहे.)

वायरमन | रविवार, सकाळी ८.३०

तिथेच मेख आहे. एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं फक्त अर्धं. म्हणजे तारेची एक बाजू उघडी, दुसऱ्या बाजूला इनॅमल तसंच.

कारण असं. वेटोळ्यातून वीज गेली की ते स्वतःच चुंबक होतं आणि खालच्या चुंबकाच्या ओढीने वळतं. अर्धा फेरा झाला की तीच ओढ त्याला उलट खेचायला लागते. दोन्ही टोकं उघडी असतील तर ते पुढे मागे, पुढे मागे करत बसतं. तुमची थरथर हीच. अर्ध्या फेऱ्यात वीज बंद पडली तर वेटोळं आपल्या वेगाने पुढे निघून जातं, आणि पुन्हा उघडी बाजू खाली आली की नवा धक्का. मोठ्या मोटरीत हेच काम कम्युटेटर करतो, इथे इनॅमल करतं.

ब्लेड मुलांच्या हातात देऊ नका, पॉलिश पेपर घ्या. वेटोळं टेबलाच्या कडेला उभं धरायचं, टोक टेबलावर टेकवायचं आणि फक्त वरची बाजू घासायची. आडवं धरून घासू नका, मग वीज नको तेव्हा चालू होते. हे लिहिलेलं फारसं कुठे सापडत नाही आणि निम्म्या मोटरी यातच मरतात.

आणि दीड व्होल्टचाच सेल. पॉवर बँक नको, मोबाइलची बॅटरी नको. जवळजवळ शॉर्टच असतो तो, सेल तापतो. दहा-पंधरा सेकंदं फिरवायची आणि काढायची. घरी जाऊन भिंतीतल्या प्लगला कुणी काही लावणार नाही, हे दर वेळी, म्हणजे अगदी दर वेळी, बजावायचं.

दुपारचा_चहा | रविवार, सकाळी ९.१०

वाखूसाआ (वाचनखूण साठवली आहे). वायरमनदादा, इंजिनियरिंगच्या चार वर्षांत हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

इंदूरकर | रविवार, दुपारी १२.२०

धागा वाचून शाळा आठवली. माझं लहानपण इटारसीला गेलं. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली १६ शाळांत करून बघण्याच्या विज्ञानाचा कार्यक्रम सुरू झाला, पुढे जिल्हाभर पसरला. आम्ही त्यातली मुलं. चार-चार जणांच्या टोळ्या, प्रत्येक टोळीला सामानाचा डबा, आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा! शिवाय प्रयोगाचीही परीक्षा. पुस्तक उघडून काही उपयोग नसायचा, कारण उत्तर त्यात नसायचंच, करून बघावं लागायचं. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला.

काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकार करायचा खेळ असतो ना, तो करणारी मंडळी तिथलीच. अरविंद गुप्ता कानपूर आयआयटीचे, पुण्यात टेल्कोत नोकरीला. १९७८ साली रजा काढून होशंगाबादला आले. पुढे पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंपासून किती खेळणी केली ते सगळ्यांना ठाऊक आहेच. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आम्हाला एक 'सवालीराम' होता. कुठलाही प्रश्न पडला की त्याच्या नावाने पत्र टाकायचं, आणि उत्तर यायचं. असा माणूस कुणी नव्हताच, हे फार उशिरा कळलं. तुमच्या खोलीत एक खोकं ठेवा, काका. चौथीतलं पोर सातवीतल्यासमोर तोंड उघडत नाही, पण चिठ्ठी टाकतं.

रोबोमामा | रविवार, दुपारी १.४५

खटपट्या, तुमच्याबद्दल आदर आहे, पण आजच्या जमान्यात काडेपेटी आणि सेफ्टी पिन? मी पुण्यात रोबोटिक्सचा क्लास घेतो. सहावीतली मुलं आर्डुइनो नावाच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक बोर्डासाठी प्रोग्राम लिहितात. हे 'कचऱ्यातून विज्ञान' प्रकरण मला जरा गरिबीचं कौतुक वाटतं. ज्यांच्या घरी परवडतं त्यांनी खऱ्या वस्तू का वापरू नयेत?

पाबळची_पोर | रविवार, दुपारी २.३०

रोबोमामा, खऱ्या वस्तू म्हणजे काय ते आधी ठरवू या. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधन सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय माझ्या शाळेत होता, आठवी ते दहावी, आठवड्यातला एक पूर्ण दिवस. वेल्डिंग केलं, घराचं वायरिंग केलं, शेळीचं वजन टेपने मोजून काढलं. गावाला लागणारी कामं करत करत शिकायचं, ही तिथली रीत. आमचं पहिलं वेल्डिंग लाथ मारली की सुटायचं. पण ते स्टूल शाळेतच बसायला लागणार होतं, त्यामुळे पुन्हा केलं. कचरा की किट, हा वादच मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. बिघडलं तर पोराला स्वतःला सापडेल असं आहे का, हे मी बघते. सेफ्टी पिनेच्या मोटरीत बिघाड चारच जागी असू शकतो. बोर्डात बिघाड झाला की मुलं हात वर करून सरांची वाट बघतात.

रोबोमामा | रविवार, दुपारी ३.१०

मुद्दा मान्य. अर्धा. माझ्याकडेही हात वर होतात हे खरं. पण माझ्याकडच्या एका मुलीने घरच्या तुळशीसाठी माती सुकली की आपोआप पाणी सोडणारं यंत्र केलं. पहिल्या आवृत्तीत तुळस बुडाली. दुसऱ्या आवृत्तीत वाळली. तिसरी चालू आहे. तो बिघाड तिचा तिनेच शोधला, मी गावाला गेलो होतो.

आणि कचऱ्याबद्दल एक सांगतो, हसू नका. 'टाकाऊतून टिकाऊ'साठी कोल्ड्रिंकच्या चार नव्या बाटल्या विकत आणून मोरीत ओतणारे पालक मी स्वतः पाहिलेत.

भागीरथी_एस | रविवार, दुपारी ३.२५

हाहाहा. आमच्या सोसायटीत तर टॉयलेट पेपरचे नुसते पुठ्ठ्याचे रोल ऑनलाइन मागवतात, क्राफ्टसाठी.

मधुरा७९ | रविवार, संध्याकाळी ६.००

मी पालक बाजूची. "घरी काय आणणार" विचारणाऱ्यांत मीही असते, कबूल. तीनशे रुपये फी भरली की हातात काहीतरी दिसावं असं वाटतंच. वर शेजारीण विचारते, यातून सहावीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेला उपयोग होईल का?

पण एक किस्सा. लेकाने कुठल्याशा शिबिरातून हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. मी म्हटलं, हे काय, कागदच की. त्याने घरभर फिरून एकेक पदार्थ लावून बघितला. साबण लावला, पट्टी लाल. चुना लावला, लाल. वर लिंबू पिळलं, परत पिवळी. संध्याकाळी सासूबाई देवापुढे बसलेल्या, त्यांना जाऊन विचारलं, "आजी, कुंकू कशाचं करतात?" त्या म्हणाल्या, "हळदीचंच, चुना घालून." पोरगा पाच मिनिटं गप्प. आमटीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो, हा प्रश्न मी वीस वर्षं धुणं धुताना कुणाला विचारला नव्हता.

तेव्हा काका, घरी मोडका पूल पाठवू नका, प्रश्न पाठवा. दोन पट्ट्या आणि "आईच्या स्वयंपाकघरात काय काय लाल होतं ते शोधून ये." आई आपोआप सामील होते. खरं तर तिला तेवढंच हवं असतं.

हीर_आणि_रिफिल | रविवार, रात्री ८.१५

सामानाबद्दल थोडं. जुन्या सगळ्या सूचनांमध्ये जिथे तिथे स्ट्रॉ असतो. जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आहे, आणि कागदी स्ट्रॉ पाण्याच्या प्रयोगात पाच मिनिटांत लोळतो. मी काय करतो ते सांगतो. फुग्याच्या गाडीचा आस म्हणून खराट्याचा हीर, आणि तो ज्यात फिरतो ती नळी म्हणून संपलेल्या बॉलपेनची रिफिल, तुकडे करून. रिफिल जाड घ्या, हीर सडसडीत निवडा, नाहीतर अडकतो. रिफिलमधली उरलेली शाई मुलांच्या शर्टावर जाते, त्याची जबाबदारी माझी नाही. चाकं बाटलीच्या बुचांची. भोक बरोबर मध्यावर पडलं पाहिजे. गाडी लंगडते ती इथे, आणि मध्य कसा शोधायचा यावर एक अख्खा तास जातो. जाऊ द्यावा. आमच्याकडे एका पोराने बूच कागदावर ठेवून गिरवलं, कागद कापून दोनदा दुमडला आणि घड्या जिथे मिळाल्या तिथे टाचणी खुपसली. वर्तुळाचा मध्य! मी कंपासपेटी काढून बसलो होतो.

पुंग्यांसाठी तर स्ट्रॉ लागतच नाही. परसात पपई असेल तर तिच्या पानाचा देठ पोकळ असतो. लांब तुकडा, आखूड तुकडा, आवाज जाड की बारीक ते पोरं आपली आपण शोधतात. चीक मात्र आधी धुवून घ्या, कातडीला खाज येते.

वायरमन | रविवार, रात्री ८.४०

हीर! किती वर्षांनी हा शब्द वाचला.

नाणेघाटकर | सोमवार, सकाळी १०.०५

मेमध्ये सुट्टीत कट्टा चालू ठेवणार असाल तर शून्य सावलीचा दिवस सोडू नका. सांगलीचं अक्षांश १७ अंशांच्या जरा आत, त्यामुळे ७ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पुण्याला आठवडाभर उशिरा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा येतो, पण तेव्हा तुमच्याकडे ढग. गंमत अशी की घड्याळात बाराला सावली गायब होत नाही. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाचं, सांगली त्याच्या जवळजवळ आठ अंश पश्चिमेला, दर अंशाला चार मिनिटं. सूर्य मेमध्ये तीन-चार मिनिटं पुढे असतो ती वजा करा. साडेबाराला दोनेक मिनिटं कमी असताना उभ्या डब्याची सावली डब्याच्या पोटात शिरते. मुलांना बारा वाजल्यापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण करायला बसवा. "बारा वाजले, सावली अजून आहे, तुमचं चुकलं," असं म्हणणारा एक तरी निघतोच. तो निघाला की अर्धं काम झालं.

खटपट्या | शनिवार, रात्री ९.३०

मंडळी, आजचा अहवाल. आठ मोटरी पुन्हा केल्या. पॉलिश पेपरने, एक टोक अर्धं. पहिली फिरली तेव्हा जो ओरडा झाला त्याने वाचनालयात पेपर वाचणारे दोन आजोबा उठून आत आले. ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

पाच फिरल्या, तीन अडल्या. मी हात मागे बांधून. सहावीतल्या एकाने फिरणारी आणि न फिरणारी वेटोळी शेजारी ठेवली आणि म्हणाला, "काका, ह्या तिघांची चकाकी वेगळ्या अंगाला आलीया." म्हणजे त्यांनी आडवं धरून घासलं होतं. वायरमन, तुम्हाला टेबलावरून दंडवत. दोन दुरुस्त झाल्या. तिसरीची सेफ्टी पीन लोखंडी, ती चुंबकालाच जाऊन चिकटायची. तिच्या जागी पितळेची आणून पुढच्या वेळी.

वयाचं गणित थोडं सुटलं. घासायचं काम चौथीच्या पोरांना दिलं, त्यांची बोटं बारीक आणि धीर जास्त. सातवीची मुलं वेटोळं सारखं करण्यात गुंतली. सातवीतल्यांना हे पटलं नाही, पण चालू आहे.

घरी हळदीच्या पट्ट्या पाठवल्या. मधुराताई, एका आईचा फोन आला, पोराने रात्री साडेनऊला फ्रीज रिकामा केलाय, हे कधी थांबेल? मी म्हटलं, पट्ट्या संपल्या की.

इंदूरकर, खोकं ठेवलं. बुटाचं. पहिल्या दिवशी सात चिठ्ठ्या. "मोटर उलटी फिरवता येते का." "चुंबक कापलं तर काय." एक नुसतीच, "काका तुम्ही हात मागे का बांधता."

एक गोष्ट राहिली. त्या पुलाच्या दिवशी वाण्याला नाणी परत करताना ९९ च भरली होती. एक जाड नाणं कमी. मी पाच रुपये पदरचे घातले आणि कुणाला बोललो नाही. आज खोक्यात ते नाणं मिळालं, चिठ्ठीत गुंडाळलेलं. चिठ्ठीवर नाव नाही. लिहिलंय, "मामाच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर ठेवलं. ८.९२."

नाणेघाटकर | शनिवार, रात्री ९.४८

झिजलंय. नवं असताना ९.०० भरलं असतं. काका, त्याने बारीक नाणंही ठेवलं होतं का काट्यावर?

खटपट्या | शनिवार, रात्री ९.५५

ते वाण्याच्या गल्ल्यात. सोमवारी मोड मागायला जातो.